बाळीचा फर्लांग

कारववाडीला जायचं असेल, तर मुरबाडहून माळशेजच्या बाजूला जाणाऱ्या एसटीत बसायचं आणि कंडक्टरला चुकूनही कारववाडीचं नाव सांगायचं नाही. तो नुसता बघत राहील. "एक फर्लांग द्या," म्हणायचं. वैशाखरे यायच्या जरा अलीकडे, एका वळणावर गाडी थांबते. समोर बाळीची चहाची टपरी दिसते. टपरीच्या मागून जी वाट वर चढते, ती कारववाडीची.

थांब्याला हे नाव सरकारने दिलेलं नाही. ते बाळीने दिलं, आणि तेही भांडून.

बाळी उंबरमाळीकडची. शहापूर तालुक्यातल्या डोंगरातून मुरबाडच्या डोंगरात लग्न करून आली. नवरा कमळू नांगर धरणारा, बोलायला कमी. सासरचं सगळं बरं होतं, फक्त गाडी थांबत नव्हती. बाजारच्या दिवशी बायका भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन थेट वैशाखऱ्यापर्यंत चालत जायच्या. का, तर थांबा तिकडे होता. गाड्या मात्र त्यांच्या अंगावर धूळ उडवत याच वळणावरून जायच्या.

नव्या नवरीला हे काही पटेना. एका बाजारच्या दिवशी ती वळणावर, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. डोक्यावर काकड्यांची पाटी, दोन्ही हात आडवे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

"ए बाई, मरायचंय काय?"

"मरायचं आसतं तर काकड्या कशाला आनल्या आसत्या?"

कंडक्टर दारात आला. "इथं थांबा नाय. गाव कुठलं तुझं?"

वळणाच्या कडेला गुडघ्याएवढा एक दगड होता. जुन्या रस्त्याला मैलाच्या दोन दगडांच्या मध्ये असे छोटे दगड असत. मैलाचे आठ भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक फर्लांग. मोजणी किलोमीटरवर गेली, बाकीचे दगड या ना त्या घराच्या पायात गेले, पण वळणावरचा तेवढा राहिला होता. बाळीचे सासरे त्याला फर्लांग म्हणत. बाळीने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"फर्लांग."

"फर्लांग हे काय गावाचं नाव झालं?"

"तुमी थांबा, मंग होईल."

गाडीतली माणसं हसली आणि हसता हसता बाळी चढलीसुद्धा. पुढच्या बाजारी ती पुन्हा तिथेच उभी होती, आता सोबत चार जावा-नणंदा घेऊन. ड्रायव्हर बदलले, कंडक्टर बदलले, बाळी बदलली नाही. शेवटी तिला लांबून पाहिलं, की गाडी आपोआप हळू व्हायला लागली. मग एक दिवस एका कंडक्टरने स्वतःहून आवाज दिला, "चला, फर्लांगवाले उतरा!" बाळी पाटी घेऊन उतरली ती सरळ घरी न जाता दगडापाशी गेली आणि त्याला हळदकुंकू लावून आली.

पुढे तिने तिथेच टपरी टाकली. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, फर्लांग म्हणजे काय हो?" बाळी चहा गाळत सांगायची, "आमचं गाव रस्त्यापास्नं फार लांब. फार लांब, फार लांब करता करता झालं फर्लांग." लोकांना पटायचं. एकदा तो चढ चढून आलेल्याला तर फारच पटायचं. सून मनस्वी लग्न होऊन आली, तेव्हा तिलाही सासूने पहिल्याच दिवशी हेच सांगितलं. शाळेतल्या पोरांनी गावाची माहिती लिहिली, त्यातही हेच.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता सिमेंटचा झाला. टपरी मागे सरकली आणि दगड भरावाखाली गेला. बाळीने दोन दिवस भरावाची माती पायाने उकरून बघितली. मग म्हणाली, "जाऊंदे. दगड गेला, नाव तर हाये ना."

तेही जायची वेळ आली. तिच्या दिराचा मुलगा आदेश ग्रामपंचायतीत निवडून आला होता. पोरगा चांगला, धावपळ करणारा. एका सकाळी तो मोटरसायकल टपरीला टेकवून उभा राहिला.

"काकी, तोंड गोड कर. आपल्या थांब्याला पक्का निवारा होतोय. बसायला बाकडी, वर पत्रा, सगळं."

"कोन देतंय?"

"पलीकडच्या उतारावर रिसॉर्ट झालंय ना, त्यांचा मालक. फक्त वर पाटी त्यांची लागेल. ग्रीन व्हॅली फाटा."

बाळीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "आनि फर्लांग?"

"आता कसला फर्लांग? दगडसुद्धा राहिला नाय. आनि काकी, तो इंग्रजी शब्द हाये. इंग्रज गेले, त्यांचा शब्द कशाला धरून बसायचा? परवा रविवारी ग्रामसभा हाये, तिथं ठराव घेऊ."

"ग्रीन व्हॅली काय तुज्या आजीनं ठेवलेलं नाव हाय?"

आदेश हसला, चहा प्यायला आणि गेला. बाळीला मात्र काही सुचेना. तिने आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या जोरावर मिळवली होती. या वळणावर गाडी थांबते आणि ती कोणत्या नावाने थांबते, हे तिने ठरवलं होतं. शाळेत ती गेली नव्हती, सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. हा एवढा एक शब्द तिचा होता. आणि आता तोही म्हणे इंग्रजांचा.

मनस्वी शनिवारी आली. तिने शहापूरला आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा कोर्स केला होता. तिथेच एका मोजणीच्या ऑफिसात ती नोकरीला होती. ती आणि बाळीचा मुलगा सुनिल आठवडाभर शहापुरात खोली घेऊन राहत, सुट्टीला गावी येत. ती चपला काढते ना काढते, तोच बाळीने विचारलं, "मनस्वी, खरं सांग. फर्लांग इंग्रजी हाय?"

"हो आई. आम्हाला कोष्टकात होता. साखळी, फर्लांग, मैल. आता कोणी वापरत नाही."

"मंग फार लांब नाय?"

मनस्वीने मान हलवली. बाळी चुलीपुढे बसली. एवढी वर्षं आपण अख्ख्या जगाला चहाबरोबर खोटंच पाजलं, असं तिला वाटलं. तिचा चेहरा बघून मनस्वीने मोबाइल काढला. वाडीत रेंज फक्त अंगणातल्या उंबराखाली. ती तिथे जाऊन उभी राहिली, बराच वेळ बोटं चालवत राहिली, आणि अचानक ओरडत आत आली.

"आई! बाबा! ऐका, ऐका. कोष्टकात हे दिलंच नव्हतं. जुन्या इंग्रजीतले दोन शब्द जोडून झालाय तो. पहिल्याचा अर्थ तास."

"घड्याळाचा?" बाळीने विचारलं.

"नाही, नांगराचा! नांगर चालला की जमिनीत पडतो तो तास. आणि लांग म्हणजे लांब. तासाची लांबी. बैल नांगर ओढत एका दमात जेवढे जातील, तेवढा एक फर्लांग, असं म्हणतात. हजार वर्षांपूर्वीचा शेतकऱ्यांचा शब्द आहे तो."

कोपऱ्यात बसलेल्या कमळूने मान वर केली. त्याच्या खाचरांत मशीन वळत नाही, म्हणून त्याचे बैल अजून दावणीला होते. माळावर नाचणीसाठी नांगरताना तासाच्या टोकाला तो रोज बैलांना दम खाऊ देई. तो बायकोकडे बघून म्हणाला, "लांब बराबर होतं तुजं. फार तेवढं चुकलं. अर्धे मार्क."

बाळी खळखळून हसली. मग एकदम गंभीर झाली. "मनस्वी, आनखी काय लिवलंय? सगळं सांग मला. उद्या सभा हाये."

रविवारी शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली. सरपंच माधुरीताई मधे, शेजारी ठराव लिहायला ग्रामसेवक. सतरंजीवर अख्खी वाडी. आदेशने निवाऱ्याचा विषय मांडला, चांगला मांडला. पावसात पोरं भिजतात, म्हातारी माणसं उन्हात उभी राहतात, हे खरंच होतं. मग तो नावावर आला.

"आनि फर्लांग म्हणजे काय, ते आमची काकीच सांगते. फार लांब! आता थांब्यावर फार लांब लिहिल्यावर पाहुना उतरेल का खाली?"

पडवी हसली. बाळी उभी राहिली. हसणं थांबेपर्यंत ती पदर खोचत राहिली.

"मी चुकीचं सांगत होते," ती म्हणाली. "आदेश बोलतो ते खरं. शब्द इंग्रजीच हाय."

आदेशला वाटलं, जिंकलो. काकी इतक्या लवकर कबूल होईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"पन इंग्रजांच्या सायबाचा नाय," बाळी पुढे म्हणाली. "इंग्रजांच्या नांगऱ्याचा हाय. त्यांच्यात पन नांगर धरनारे होते. त्यांचे बैल एका दमात जेवढा तास मारायचे, त्याला ते बोलायचे फर्लांग. शब्द कुठनं कुठं फिरला आनि आला शेवटी नांगऱ्यांच्याच गावात."

पडवीत कुजबुज झाली. पुढे बसलेले कुंडलिकबाबा, वाडीतले सगळ्यांत म्हातारे, कानामागे हात धरून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे तिकडचे बैल पन दमायचे काय गो?"

"बैल तो बैल, बाबा. तो काय इंग्रजीत दमतोय?"

आता पडवी जी हसली, ती बाळीच्या बाजूने हसली. आदेशलाही हसू आलं, पण त्याने हार मानली नाही. "काकी, पन आता तो शब्द इंग्लंडमध्ये पन कोनी वापरत नाय. मेलेला शब्द हाय."

"घोड्यांच्या शर्यतीत अजून वापरतात," मागून मनस्वी म्हणाली.

"आपल्याकडं कुठं घोडे?"

"आनि आपल्याकडं व्हॅली तरी कुठं?" बाळी म्हणाली. "मेलेला कसा रे? तू स्वतः मुरबाडवरनं येतोस तवा कंडक्टरकडं काय मागतोस?"

आदेशने डोकं खाजवलं.

"बोल ना. काय मागतोस?"

"फर्लांग," आदेश हळूच म्हणाला.

"मोठ्यानं बोल, कुंडलिकबाबांना ऐकू येत नाय."

हसण्याच्या गडबडीत माधुरीताईंना टेबल वाजवावं लागलं. बाळीचं अजून संपलं नव्हतं. आदल्या दिवशी मनस्वीने सांगितलेली शेवटची गोष्ट तिने राखून ठेवली होती.

"एक ऐका. तिकडं आधी मैल बारका होता. फर्लांगाशी त्याचा मेळच बसंना. मंग त्यांच्या रानीच्या राज्यात कायदा झाला. लोकांच्या जमिनी फर्लांगावर मोजलेल्या, त्याला हात लावायची हिंमत कोनाला झाली नाय. म्हनून मैलच ओढून लांब केला. आठ फर्लांगांचा एक मैल." ती जरा थांबली. "एवढी मोठी रानी, तिच्या राज्यात पन फर्लांग हालला नाय. आनि एका पत्र्याच्या छपरासाठी तो आमी हालवायचा?"

कोणी टाळी वाजवली ते कळलं नाही, पण मग सगळीच पडवी वाजवायला लागली. माधुरीताईंनी विचारलं, "ज्यांना फर्लांग हवं, त्यांनी हात वर करा." बायकांच्या बाजूने हात आधी उठले. मग म्हाताऱ्यांचे. कमळू सभेत कधी बोलायचा नाही. त्याने दोन्ही हात वर केले, आणि कोणीतरी म्हणालं, "अरे कमळू, एकच!" तो म्हणाला, "एक माझा, दोन बैलांचे. हात मला दोनच हायेत, म्हनून एका बैलाचा र्‍हायला." शेवटी आदेशचाही हात वर गेला, तोंड मात्र वाकडंच.

"पन मग निवारा कोन बांधनार?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता.

"वासे माझे," कुंडलिकबाबा म्हणाले. "गोठा काढला त्याची कौलं पन पडून हायेत."

"पाया मी आखून देते," मनस्वी म्हणाली. "रस्त्याची हद्द सोडून कुठे बसवायचा, तेही मोजून देते."

"आनि खड्डे आदेश खनील," बाळी म्हणाली. "अंगात लय जोर हाय त्याच्या."

"काकी!"

"चहा फुकट हाय रे तुला, काम होईपरेंत."

ग्रामसेवक ठराव लिहीत होते. ते मधेच थांबले. "बाळीताई, एक सांगा. लांग लिहू की लाँग? इंग्रजी उच्चार धरला तर वर चंद्र येतो."

बाळीला लिहिता येत नव्हतं, पण ती टेबलापाशी गेली आणि कागदावर वाकून उभी राहिली.

"चंद्र नको, भाऊसाहेब," ती म्हणाली. "आमी बोलतो तसा लिवा. आनि जरा मोठा लिवा."