टर्नरकाकांचे एकशे अठरा फोटो

टर्नरकाकांनी अडतीस वर्षं लेथ मशीन चालवलं आणि पन्नास वर्षं कॅमेरा. मशीन निवृत्तीच्या दिवशी सुटलं. कॅमेरा सुटला नाही. लेथ चालवणारा तो टर्नर, म्हणून गल्लीत सगळे त्यांना टर्नरकाकाच म्हणत. बाळ्या म्हणणारी जगात एकच उरली होती, दुसऱ्या शहरात राहणारी, सहा वर्षांनी मोठी ताई.

फोटोचं वेड विशीच्या आतलं. जेवणाच्या सुट्टीत ते कारखान्यातल्या सोबत्यांचे फोटो काढायचे आणि घरी बाथरूममध्ये अंधार करून फिल्म धुवायचे. लग्नानंतर महिनाभर काकूंना वाटत होतं की नवऱ्याला पोटाचा काहीतरी जुना विकार आहे. त्यांनी मुकाट्यानं जेवणातलं तिखट कमी केलं. खरं कळल्यावर हसावं की भांडावं हे ठरेना, तेव्हा त्यांनी दोन्ही केलं.

पुढे लेकीनं नवा कॅमेरा दिला. काकांनी त्याला आपली जुनी लेन्स बसवून घेतली. तिचा फोकस हातानं जुळवावा लागे. "मशीनच सगळं करणार, तर मी काय नुसता स्टँड?" रोज सकाळी बाहेर पडायचं, एक फोटो काढायचा, फोनवरून ताईला पाठवायचा आणि खाली दोन ओळींत खबरबात लिहायची. नळाचा वॉशर बदलला. समोरच्या गच्चीला गिलावा चालू आहे, गवंडी कामाला बरा. ताई घराबाहेर फारशी पडत नसे. तिची सकाळ त्या फोटोनं उजाडायची.

बाकीचे नातेवाईक काहीही पाठवलं तरी "वा, छान!" म्हणत. ताई तसली नव्हती. एके दिवशी तिचा फोन आला.

"बाळ्या, राग मानू नकोस. गेले चार महिने तुझा एकही फोटो धड नाही."

"धड नाही म्हणजे?"

"धूसर. काल मांजर पाठवलंस, मी उशी समजले."

"तुझा चष्मा पूस."

"पुसूनच फोन केलाय. सुनेलाही दाखवलं. तिलाही उशीच वाटली."

काकांच्या कामाला अडतीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांना तर जग आणि फोटो सारखेच दिसत होते. त्यांनी लेन्स काढली, पुसली, पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी ताईनं एका शब्दात कळवलं, "धूसर." मग त्यांनी कॅमेरा उचलला आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानदार त्यांच्याच वयाचा. त्यानं भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर फोकस जुळवून एक फोटो काढला. मग म्हणाला, "आता तुम्ही काढा." दोन्ही फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. काका नाक टेकेल इतके जवळ गेले. दुकानदाराच्या फोटोत शेवटची ओळही वाचता येत होती. काकांच्या फोटोतल्या अक्षरांना लव फुटली होती.

"मशीनमध्ये दोष नाही, टर्नर," एवढंच तो बोलला.

मशीन ठीक, माल खराब, म्हणजे दोष कारागिराचा. हा हिशेब काकांना कुणी शिकवायला नको होता. डोळाच गेला तर उद्यापासून सकाळी करायचं काय? घरी येऊन त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. दोन दिवस फोटोही पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी ताईनं थेट काकूंना गाठलं. "अगं, तुझा नवरा बरा आहे ना? दोन दिवस माझ्याकडे उजाडलंच नाही."

काकूंनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं, चपला घातल्या आणि काकांना डोळ्यांच्या डॉक्टरसमोर नेऊन बसवलं. डॉक्टर लेकीच्या वयाची.

"मोतीबिंदू आहे, काका. दोन्हीकडे, पण उजवा जास्त. त्याचं ऑपरेशन आधी करू."

उजवा म्हणजे कॅमेऱ्याला लावायचा.

"चीर केवढी?" काकांनी विचारलं.

"दोन पूर्णांक दोन मिलिमीटर."

"मापानं की अंदाजानं?"

"सुरीच तेवढ्या रुंदीची असते."

"आणि धार?"

"प्रत्येकाला नवी सुरी."

"आजवर किती केलीत?"

"दोन हजारांच्या वर."

"त्यात रिजेक्ट किती?"

काकूंनी कपाळाला हात लावला. डॉक्टर हसली, पण उत्तर देताना हसली नाही. "काहींना त्रास झाला. त्यांना परत बोलावून नीट केलं. लपवत नाही."

माझी चूक होतच नाही म्हणणाऱ्याला काकांनी कधी आपल्या मशीनला हात लावू दिला नव्हता. हे उत्तर त्यांना पटलं.

"करा. फक्त हात स्थिर ठेवा."

"तुम्ही मान स्थिर ठेवा म्हणजे झालं."

ऑपरेशन पंधरा मिनिटांत आटोपलं. परवानगी मिळाल्यावर, महिन्याभरानं, काकांनी कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. काकू खिडकीत स्वेटर विणत होत्या. काकांनी लेन्स फिरवली आणि थबकले.

"अगं, तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या!"

"दोन वर्षं झाली. मला वाटलं, प्रेमापोटी गप्प बसलात."

फोटो गेला. काका फोन हातात धरून उभेच राहिले. पाचच मिनिटांत ताईचा आवाज आला.

"धड आहे रे, बाळ्या! टाके मोजता येतात. तिसऱ्या ओळीत दोन सुटलेत, सांग तिला."

काकू उसवायला बसल्या. काका वही घेऊन बसले. चार महिन्यांतला एकेक फोटो उघडून त्यांनी यादी केली. एकशे अठरा.

"हे काय आता?" काकूंनी विचारलं.

"खराब गेलेला माल. बदलून द्यायला नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. यादीत पहिलं नाव दूधवाल्याचं होतं. तो सायकलवरून वळला तसा काकांनी हात आडवा केला.

"अहो काका, माझा फोटो काढला होतात की मागे!"

"तो बिघडला. चूक माझी, तुमची नाही. जरा मागे जाऊन पुन्हा वळा. आणि हसू नका, तेव्हा हसला नव्हतात."