काका, अडलंय का काही?

बातमीदाराची वही दोन्ही बाजूंनी भरत जाते. पुढून बातम्या : कोण काय म्हणालं, कुठला पूल कधी होणार, कोणी कोणावर आरोप केला. मागून ते सगळं, जे छापून येत नाही. तीस वर्षांत माझी मागची पानंच नेहमी आधी संपली. गेल्या वर्षी तर एका चौथीच्या वर्गाने अख्खी वही खाल्ली! मित्रांना एकेक किस्सा सांगत गेलो, आणि दर वेळी समोरचा चहा गार झाला नि माझं डोकं गरम. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकू.

शाळा नाशिकमधली, सातपूरच्या बाजूची, एका खासगी संस्थेची. नाव लिहीत नाही. अशी संस्था शोधायला तुम्हालाही फार लांब जावं लागणार नाही.

*

सुरुवात एका फोनने झाली. "साहेब, आमच्या शाळेत चौथीच्या बाई शिकवतच नाहीत. पोरंच पोरांना शिकवतात. लावा बातमी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गाच्या दारात. आत तीस पोरं, जमिनीवर सहा-सात घोळके, मंडईसारखा आवाज. आणि खुर्ची रिकामी! सापडलं, म्हटलं.

"बाई कुठायत?" मी दरडावून विचारलं.

दोन वेण्यांची एक मुलगी उठून आली. तिचं नाव श्रावणी हे नंतर कळलं. वर्गात चालतं तिचंच, हे लगेच कळलं. "अहिरे बाई ना? त्या काय, मागे बसल्यात. भागाकार ऐकतायत. काका, तुमचं अडलंय का काही?"

"मी पत्रकार आहे."

"मग फळ्यावर लिहा ना. नंबर येईल तुमचा."

मागच्या भिंतीवर एक वेगळा फळा होता. वर रंगाने लिहिलेलं : 'अडलंय'. सोमवारी प्रत्येक पोर आपलं काय अडलंय ते तिथे लिहितं. ज्याला ते येतं, तो खाली 'मी सांगेन' लिहून नाव टाकतो. मग आठवडाभर दोघं भिडतात. अहिरे बाई प्रत्येक घोळक्यात बसून ऐकतात, गाडी भलत्या रस्त्याला लागली की एखादाच प्रश्न टाकतात आणि पुढच्या घोळक्याकडे सरकतात. शनिवारी सभा. आणि एक पक्का नियम : ज्याचं अडलं, त्यानेच पुसायचं. समजावणाऱ्याने नाही, बाईंनी तर नाहीच. कळलं की नाही, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत?

वर्गात आलेल्या मोठ्या माणसालाही सूट नाही. मी मंत्र्यांच्या दारात कधी नंबर लावला नाही, आणि इथे हे! चिडून खडू उचलला आणि लिहिलं, 'माझं काही अडलेलं नाही.'

श्रावणीने ते मोठ्याने वाचलं. म्हणाली, "मग काका, तुम्ही आलात कशाला?"

*

गेलो होतो उघडं पाडायला आणि दर शनिवारी जायला लागलो. ते माझं वाक्य फळ्यावर तसंच. पुसायचा अधिकार फक्त माझा, आणि मी काही हटत नव्हतो!

अशाच एका शनिवारी पालकसभा होती. एका आईने शेजारच्या मुलाच्या वह्या पिशवीत घालून आणल्या होत्या. त्या तिने टेबलावर आपटल्या. "बघा बाई! त्याच्या नऊ वह्या भरल्या. आणि आमच्याची? दीड!"

"ताई, त्या दीड वहीत काय लिहिलंय, ते वाचलंत का?"

"वाचायचंय काय त्यात? सगळी खाडाखोड!"

खाडाखोड म्हणजे पोराने तीनदा विचार बदलला, हे या माउलीला कोण सांगणार? शिक्षणसुद्धा आपण कांद्यासारखं गोणीवर मोजतो!

मग अंबडच्या कारखान्यातले एक सुपरवायझर उठले. आवाज ऐकला आणि ओळखला. मला फोन करणारे हेच. "पोरांनीच शिकवायचं तर बाई कशाला ठेवल्यात? आम्हाला काय मूर्ख समजता? मी संस्थेत तक्रार करीन!" आवाज चढत चढत पार व्हरांड्यापर्यंत गेला.

शेजारी त्यांचा मुलगा तन्मय बसला होता. त्याने बापाची बाही ओढली. अगदी काळजीने म्हणाला, "पप्पा, तुमचं अडलंय का? मी लिहून येऊ फळ्यावर?"

*

शाळेचे शिपाई काशीनाथ मामा सटाण्याकडचे. एरवी शहरी मराठी बोलतात, गडबडले की अहिराणी बाहेर पडते. वीस वर्षं घंटा वाजवतायत, आणि वीस वर्षं ती घंटा ज्या भिंतीवर आहे तिथेच जिल्ह्याचा नकाशा टांगलाय.

एका सोमवारी फळ्यावर वेड्यावाकड्या अक्षरात नवी ओळ दिसली : 'मामा – नकाशा समजत नाही.' खाली चार पोरींनी नावं टाकली. चार दिवस मधल्या सुट्टीत व्हरांड्यात क्लास! या बाजूला वणी, इकडून मालेगाव, मधून तो मुंबई-आग्रा रस्ता. शुक्रवारी मामांनी नकाशावर बोट ठेवलं. "हे सटाणा. आणि इथून इतकं वर माझं गाव. नाव नाही छापलं, पण आहे इथंच!" मग वर्गात जाऊन त्यांनी आपली ओळ पुसली. हजार फळे पुसलेला माणूस, पण ती एक ओळ पुसायला त्याने किती वेळ घेतला!

त्या नादात घंटा सात मिनिटं उशिरा वाजली. मुख्याध्यापकांनी मामांना लेखी मेमो दिला. वीस वर्षं घंटा वेळेवर वाजली तेव्हा एक चिठ्ठी कोणी दिली नव्हती!

मामा तो मेमो घेऊन श्रावणीकडे आले. "बेटा, यात काय लिहिलंय ते नीट सांग."

तिने वाचला आणि म्हणाली, "मामा, यात तुमचं काहीच अडलेलं नाही. मुख्याध्यापक सरांचं अडलंय."

*

आता माझ्या धंद्याची लाज. या वर्गावर मी मनापासून लेख लिहिला. डेस्कवरच्या तरुणाचा फोन आला. "सर, टॉपर कोण आहे?"

"टॉपर नाही."

"स्कॉलरशिपला किती बसले? काहीतरी द्या ना. आणि फोटोत बाई शिकवताना दिसतच नाहीयेत. फळ्याकडे बोट दाखवून उभ्या आहेत, असा एक काढा."

मी फोन आपटला. सकाळी पेपर उघडला. लेख अर्धा कापलेला, आणि वर जाड अक्षरात : 'या वर्गात शिक्षिका शिकवतच नाहीत!'

मी ऑफिसात जाऊन आरडाओरडा केला. उत्तर मिळालं, "सर, पण वाचलं सगळ्यांनी!" वाचलंच. संस्थेच्या सचिवांनीसुद्धा वाचलं. सुपरवायझरसाहेबांच्या तक्रारीला ते कात्रण जोडलं गेलं.

शनिवारी सभेत मला उभं केलं. श्रावणीने सोडलं नाही. "काका, बाई शिकवत नाहीत असं लिहिलंत?"

"ते मी नाही लिहिलं. हेडिंग ऑफिसातल्यांनी दिलं."

"पण खाली नाव तर तुमचं आहे!"

मी फळ्यापाशी गेलो, 'माझं काही अडलेलं नाही' हे वाक्य स्वतःच्या हाताने पुसलं आणि तिथे दुसरं लिहिलं. काय लिहिलं ते सांगत नाही. पण 'मी सांगेन' म्हणून सात जणांनी नावं टाकली!

*

सचिव साहेब प्रत्यक्ष पाहणीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी वर्गाची तालीम घेतली. साहेब आत आले की 'नमस्ते' कसं म्हणायचं, उत्तर देताना हात कुठे ठेवायचे, सगळं. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. ती माझ्याही आली नाही, आणि बाईंना ती इतकी सवयीची की त्यांना वेगळी वाटलीच नाही.

साहेब आले, सोबत दोन माणसं. कोपऱ्यात मी. साहेबांनी घसा साफ केला. "सांगा बरं मुलांनो, गोदावरीचा उगम कुठे होतो?"

नाशिकच्या पोरांना हा प्रश्न! इथलं पोर चालायला लागायच्या आधी तिच्यात पाय बुडवून येतं, आणि त्र्यंबकला तर याच वर्गाची सहल जाऊन आली होती.

एकही हात वर नाही. तीस पोरं हाताची घडी घालून आरामात बसलेली. नाही म्हणायला, मागे एकच हात वर, तोही अगदी ताठ. जुनेद. पंधरा दिवसांपूर्वी मालेगावहून आलेला.

साहेबांचा चेहरा उजळला. "शाब्बास! सांग बेटा."

"मला नाही येत," जुनेद म्हणाला.

या वर्गात ज्याला येत नाही, तो हात वर करतो! ज्याला येतं, त्याने हात कशाला करायचा? बाई पुढे झाल्या. "साहेब, आमच्याकडे हात वर करणं म्हणजे..."

"मला शिकवू नका, बाई!" साहेब गरजले. "अख्ख्या वर्गात एक हात वर, आणि त्यालाही उत्तर येत नाही! पेपरवाले खोटं लिहीत नाहीत!"

मी तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "तुमचे आभारच मानायला हवेत!" असा जोडा आयुष्यात कोणी मारला नव्हता.

साहेबांची पाठ वळते न वळते तोच श्रावणी जुनेदच्या शेजारी जाऊन बसली. "अरे, आपण गेलो होतो ना, नाही, तू नव्हतास. थांब, सांगते."

*

पुढच्या शुक्रवारी पत्र आलं. 'सदर शिक्षिका अध्यापन करत नसल्याचे निदर्शनास आले आहे.' दिवाळीच्या सुट्टीनंतर अहिरे बाई वणीच्या शाखेत. इथे नव्या बाई, नेहमीची पद्धत, मुलांनी बाकावर बसायचं. मागच्या भिंतीवरचा तो फळा सोमवारपर्यंत कोरा करायचा. साहेब स्वतः येऊन बघतील.

वर्गाची कुठलीही गोष्ट वर्गापासून लपवायची नाही, हाही अहिरे बाईंचा नियम. शनिवारच्या सभेत बाईंनी ते पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. स्वतःच्या बाजूने एक अक्षर नाही. श्रावणी एवढंच म्हणाली, "बाई, 'निदर्शनास' म्हणजे डोळ्यांनी दिसलं असंच ना?"

"हो."

"बरं."

सोमवारी मी शाळेत पोचलो तेव्हा मुख्याध्यापक वर्गात उभे, कपाळावर घाम. 'अडलंय' फळ्यावरची प्रत्येक ओळ ज्याची त्याने पुसलेली. जुनेदने आपली 'गोदावरीचा उगम' ही ओळसुद्धा पुसलेली; माझी मी शनिवारीच पुसली होती. कोऱ्या फळ्यावर मधोमध, मोठ्या अक्षरात, एकच ओळ :

'सचिव साहेब – अहिरे बाई काय काम करतात, ते कळत नाही.'

खाली 'मी सांगेन'. त्याखाली एकतीस नावं. आणि तळाला, वेड्यावाकड्या अक्षरात, बत्तिसावं.

फाटकात गाडीचं दार वाजलं. "बाई, हे काय आहे?" मुख्याध्यापक किंचाळले. बाई घोळक्यात बसल्या होत्या, भागाकार ऐकत. त्यांनी मान वर केली, फळा वाचला. तो त्याही पहिल्यांदाच वाचत होत्या, हे दिसत होतं.

"मामा! आधी पुसा ते! चटकन!"

काशीनाथ मामांनी डस्टर उचललं. फळ्यापर्यंत गेले. तेवढ्यात दारात सचिव साहेब उभे राहिले.

मामा वळले. फळ्याला हात न लावता, वर्गाच्या मधून चालत दारापर्यंत आले आणि दोन्ही हातांनी ते डस्टर साहेबांपुढे धरलं.

"घ्या साहेब. माले जमाव नही. ज्यानं अडेल शे, त्यानीच पुसानं."