साडेचार ओहम

अठरा जानेवारीला मी बारावीच्या जर्नलांवर सह्या उरकत होते आणि आमच्या फिजिक्स लॅबच्या अटेंडंट काकांनी त्यात खो घातला. काकांइतका संशयी माणूस अख्ख्या बोरीवलीत नसेल. डॉक्टरांनी एकदाच ब्लड प्रेशर मोजून गोळी लिहिली, तर काका त्यांनाच विचारून आले, "एका टिंबातसून किती रेघो जातत, म्हायत आसा?" एकाच मोजमापावर त्यांचा भरवसा नाही. लेकीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाला तीन वेगवेगळ्या दिवशी घरी बोलावलं. चौथ्यांदाही बोलावणार होते, लेकीनेच अडवलं. लॅबमध्ये तर मीटरच्या काचेवर टिचकी मारल्याशिवाय रीडिंग घेऊ देत नाहीत. मुलांचा ग्राफ उलटा करून पाठीमागून बोट फिरवतात आणि सांगतात, "रेघ आधी, टिंबा मागसून. खोटा!"

त्या दिवशी प्रश्न सानिकाचा होता. व्होल्टेज आणि करंटचा ग्राफ काढायचा, रेषेचा चढ मोजायचा, तोच कॉइलचा रेझिस्टन्स. सगळ्यांना कॉइल एकच, तिच्यावर पाच ओहम लिहिलंय. बाकी एकोणतीस जणांचं उत्तर पाच, हिचं साडेचार.

"मॅडम, मी तीनदा मोजलं," ती रडवेली होऊन म्हणाली. "साडेचारच येतंय ना."

फेरीवर आलेले उपप्राचार्य म्हणाले, "परीक्षक हसतील हो. पान बदलायला सांगा, नाहीतर सही नको." सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलला बसता येणार नाही. मीही तिला पान बदल म्हणणारच होते. वेळ कोणाला होता?

तेवढ्यात काका कॉइल घेऊन आले. "बाईंनू, गेल्या साली ही तार जळली. जळको तुकडो कापून मीच परत गुंडाळलंय. तार आखूड झाली, आता पाच येतला खयसून?"

मी कॉइल हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

"एका पोरीन मोजल्यान," काका म्हणाले. "बाकीच्यांनी लेबल वाचल्यानी."

आणि त्या एकोणतीस लेबलांखाली माझी सही होती. काका मार्चमध्ये निवृत्त होतायत. नंतर हे कोण विचारणार, असा विचार पहिल्यांदाच मनात आला आणि मुळीच आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी लॅब उघडली. सानिकाच्या जर्नलवर सही केली, मग बाकीच्या एकोणतीस पानांवरच्या माझ्याच सह्या एकेक करून खोडायला घेतल्या. उपप्राचार्य दारात येऊन उभे राहिले.

"बसा सर," मी म्हटलं. "वेळ लागेल."