गाठ माझ्या पेशंटची, कौतुक नंदूचं

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे किती किस्से साचतात ते आमच्या बायकांना विचारा. त्यांना सगळे पाठ आहेत! माझे बहुतेक किस्से मात्र नंदू सबनीसचे. आम्ही एकाच बॅचचे. ऐंशीच्या दशकात त्याने ठाण्यात दवाखाना टाकला, मी डोंबिवलीत. तेव्हापासून मी त्याच्यावर जळतोय.

*

कानाखालच्या गाठी आम्ही दोघंही काढायचो. गाठ साधी, कॅन्सरची नाही, पण तिला लागूनच चेहऱ्याची नस जाते; ती दुखावली तर ओठ वळत नाहीत. ऑपरेशन झालं की नंदू पेशंटला म्हणायचा, "शिट्टी वाजवा!" आणि ते वाजवायचे!

माझे एक पेशंट शाळामास्तर होते. त्यांची नस दुखावली, तोंड वाकडं झालं. मला म्हणाले, "डॉक्टर, मी एकाच बाजूने रागावू शकतो. दुसऱ्या बाजूची पोरं दंगा करतात!"

तीन महिन्यांनी नस सुधारली. तोवर हा किस्सा नंदूपर्यंत पोचलेला.

*

मग आली शेवंता. खाडीकाठची कोळीण, डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. मानेत गाठ. मी टीबी समजलो आणि तुकडा काढून तपासायची तारीख दिली. नेमकी त्या दिवशी तिच्या घरात हळद होती. तारीख हुकली, आता डॉक्टर ओरडणार, या भीतीने ती सरळ नंदूकडे गेली!

नंदूचा फोन आला. "अरे, गाठीवर नीट बोट ठेवलंस का? धडधडतेय! मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चिकटलीय. तुकडा काढला असतास तर बाई टेबलावरच गेली असती."

मी तिच्या केसपेपरवरचं 'टीबी' खोडलं. आणि खरं सांगू? तेव्हाही मनात आलं, हे नेमकं याच्याच बोटाला का कळावं!

*

ऑपरेशनला मुंबईहून रक्तवाहिन्यांचे सर्जन बोलावले. नंदूने मलाही मदतीला घेतलं. साडेपाच तास उभे होतो. शेवंता शुद्धीवर आली, बोलली, दोन्ही हात हलवले. नातेवाईक नंदूच्या पाया पडले.

तिचा भाऊ हिराजी माझ्याकडे वळला. "तुमी पन व्हता का आत?"

*

शेवंताच्या बापालाही तशीच गाठ होती. नंदूने जर्नलमध्ये वाचलेलं की, ही गाठ घराण्यात चालते. बापाकडून आली तर उगवते, आईकडून आली तर मुलांत गप्प बसते. त्याने सगळ्यांना समोर बसवून कागदावर वंशावळ काढली.

"शेवंताबाई, तुमच्या पोरांना जवळजवळ भीती नाही. हिराजी, तुम्हाला आणि तुमच्या मुलींना मात्र तपासायला हवं."

हिराजीची बायको उसळली. "गाठ हिची, नी धास्ती माज्या पोरींना? इथंपन नणंदेचंच भलं!"

त्या खोलीत तिच्या बाजूचा मी एकटाच होतो.

*

मुली सुटल्या. हिराजीच्या मानेत मात्र छोटी गाठ सापडली. नंदूने त्याला बोलावलं, मीही होतो. या वेळी मी गाठीवर तीन-तीनदा बोट ठेवून पाहिलं. नंदू डायरी उघडून ऑपरेशनचा दिवस ठरवायला लागला, तेवढ्यात हिराजीने माझ्याकडे बोट केलं.

"माजं ऑपरेशन हे डॉक्टर करतील."

नंदूचं पेन थांबलं. "अहो, यांनीच तुमच्या बहिणीची गाठ टीबीची समजलेली!"

"म्हायती हाय," हिराजी म्हणाला. "तुमाला भीती वाटत नाय, सायेब. यांना वाटते."