मादामला हवी तशी माती

आमच्या शेजारची आकपेने घोरपडी पाळते. घराच्या मागे तिने सिमेंटच्या विटांचे पाच हौद बांधलेत. वरच्या काठाला आतून पत्रा ठोकलाय, म्हणजे भिंत चढून आलेली घोरपड पत्र्यावरून घसरून परत खाली जाते. प्रत्येक हौदावर निम्म्या भागात झावळ्यांची सावली, निम्मा उन्हाला उघडा, आणि कोपऱ्यात पाण्याचं पसरट घमेलं. तिच्या आणि आमच्या अंगणांमध्ये कसाव्याच्या झुडपांची एक रांग आहे. तिच्या पलीकडून आकपेनेचा आवाज आला नाही असा माझा एक दिवस गेला नाही, आणि मला आपला देश सोडून इथे येऊन तेवीस वर्षं झाली.

हे काम तिने नवऱ्याकडून उचललं, पण उलट्या बाजूने. आग्बेको शेतातल्या घोरपडी खणून काढायचा. डिसेंबरात कोरडा वारा सुटला की माद्या अंड्यांवर येतात. तेव्हा कुदळ घेऊन बिळं उकरायची आणि पोटुशी मादी पोत्यात घालून एफो मेसानच्या फार्मवर नेऊन द्यायची. तिथे अंडी घालून झाली की मादी बाजारात रश्श्याला जायची आणि पिल्लं विमानाने परदेशी. आग्बेको गेला त्या साली आकपेनेने मका काढताना बिळं मोजली. पूर्वी एका शेतात पाचसहा सापडत. त्या साली चार शेतांत मिळून एक सापडलं.

"त्यानेच संपवली," ती मला सरळ म्हणाली. नवऱ्याच्या चौथ्या स्मृतिदिनाची प्रार्थना होती, चर्चमधून आम्ही दोघी बरोबर परत येत होतो. "देवाने त्याला क्षमा केली असेल. पण बिळं भरून द्यायचं काम त्याने माझ्यावर टाकलंय."

ती अशीच बोलते. घोरपडींबद्दल तर तिला कधी शंका येतच नाही. बायका विचारायला येतात, त्यांना ती उभ्या उभ्या सांगते. गोगलगायी घाला, नाकतोडे घाला, शेणातले किडे घाला. कोंबडीची आतडी आणि उंदीर घालून फुगवू नका, मादीला चरबी चढली की अंडी आत अडतात. नर एरवी वेगळा ठेवा, पावसाच्या शेवटी सोडा, आणि मादी त्याला चावायला लागली की काढून घ्या. अंडी काढाल तेव्हा जशी होती तशीच उचला, वरच्या अंगाला कोळशाने रेघ मारा आणि ती रेघ शेवटपर्यंत वरच राहू द्या. अंडं उलटं झालं की आतला जीव बुडतो.

एफो मेसान म्हणजे ज्याच्या फार्मवर आग्बेको माद्या द्यायचा तोच. एफो म्हणजे इथे थोरला भाऊ, पण या माणसाला अख्खा तालुका एफो म्हणतो. हौदातली मादी वर्षानुवर्षं अंडी देईल यावर त्याचा विश्वास नव्हता. आकपेनेच्या मादाम नावाच्या मादीने दोन वर्षं अंडी दिली, तरी तो म्हणाला, "दोनदा नशीब. तिसऱ्यांदा दिली तर तुझ्या गावात माझे खणणारे येणार नाहीत. नाही दिली तर नाताळनंतर खणणाऱ्यांना घेऊन माझा ट्रक येतो."

"ट्रकचं डिझेल वाचवा, एफो," आकपेने म्हणाली.

त्या वर्षी तिची मोठी बहीण वारली आणि आकपेने दहा दिवस माहेरी गेली. घर कोकोएवर सोपवलं. कोकोए तिची सून, वोगान गावची, लग्नाला तीन महिने झालेले. पोरगी कामसू. पहाटे उठून अंगण असं झाडायची की झाडूच्या रेघांवर पाऊल टाकायला जिवावर यावं. इथे बाईची परीक्षा अंगणावरून होते. माती चोपून चोपून दगडासारखी केलेली, त्यावर एक पान दिसता कामा नये.

हौदात मात्र आकपेने खांद्यापर्यंत हात जाईल एवढी माती भरून ठेवायची, वर पालापाचोळा. कोकोएला तो उकिरडा वाटला. एफो मेसान बघायला येणार, गावातल्या बायका येणार, आणि सासूचे हौद असे. तिने पाचही हौदांतली निम्मी माती बाहेर काढली, तांबडा मुरूम पसरला, पाणी मारलं आणि चोपणीने चोपून काढला. चार दिवस तिचा धपधप आवाज मी ऐकत होते. मला वाटलं, सासूने सांगितलं असेल.

आकपेने परत आली. हौद बघून तिचा चेहरा खुलला. "आता हे घरासारखं दिसतं," ती म्हणाली आणि कोकोएला सगळ्यांदेखत मिठी मारली. बहिणीच्या दुःखात होती, दमली होती, असं मी नंतर म्हटलं. ती म्हणाली, "दुःख कसलं? मला आवडलं ते. चोपलेली जमीन बघितली की मला आवडतं."

आठवडाभराने मादामचं खाणं सुटलं. तेही ठीकच, अंड्यांवर आलेली मादी खात नाही. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं होतं, कातडीखाली अंड्यांचे उंचवटे दिसत होते. आकपेने म्हणाली, "रविवारपर्यंत घालेल." रविवार गेला. मादाम भिंतीच्या कडेने फिरत होती, कोपऱ्यात ओरखडत होती, पुन्हा फिरत होती.

पुढच्या बुधवारी एफो मेसान आला. हौदावर वाकून बघत राहिला.

"काय गं, बाईसाहेब अजून माहेरपणाला आल्यासारख्याच फिरतायत?"

"घालेल."

"कधी? ही अशी आणखी चार दिवस राहिली तर अंडी आत कुजतील आणि ही मरेल. माझ्याकडे दे, आजच्या आज कापून निदान मटण तरी—"

"एफो, चहा घेऊन जा," आकपेने म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. तिची नजर मादामच्या पुढच्या पायांवर होती. दोन नखं तुटली होती आणि बोटांना रक्त होतं. कोपऱ्यातल्या मुरुमावर पांढरे ओरखडे होते, वाटीएवढाही खळगा पडला नव्हता.

आकपेने हौदात उतरली. टाचेने जमीन ठोकली. मग खाली बसून तळहात टेकवला.

"कोकोए," तिने हाक मारली, "कुदळ आण."

कोकोएला तेव्हाच कळलं. ती कुदळ घेऊन आली आणि रडायलाच लागली. "आई, माझ्यामुळे मरणार ही."

"तू चोपलीस, मी शाबासकी दिली. तुला माहीत नव्हतं, मला होतं. आता रडू नकोस, अंगात जोर लागणार आहे."

मीही पदर खोचून गेले. मादामला पोत्यात घालून सावलीत ठेवलं. मुरूम फोडताना कुदळीतून ठिणग्या उडाल्या. छातीएवढा खड्डा केला. शेताच्या बांधावरच्या पडक्या वारुळाची माती टोपल्यांनी आणली, तिच्यात थोडी वाळू मिसळली, पाणी शिंपडलं. आकपेने मूठ वळून बघायची. गोळा टिकला पाहिजे आणि पाणी गळता कामा नये. फार कोरडी असली तर बीळ ढासळतं, फार ओली असली तर अंडी सडतात. सहा वेळा तिने माती परत मिसळायला लावली. एफो मेसान चहाचा पेला हातात घेऊन हे सगळं बघत होता. शेवटी त्यानेही दोन टोपल्या उचलल्या.

भरून झाल्यावर आकपेनेने उन्हाच्या बाजूला मातीवर पत्रा आडवा टाकला, म्हणजे खालची माती उबदार राहील. मादामला सोडलं आणि सगळ्यांना हाकललं. "कोणी वाकून बघायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही, एफो. बाळंतिणीच्या खोलीत गर्दी करतात का?"

दोन दिवस तिने कोणाला मागच्या अंगणात जाऊ दिलं नाही. मी माझ्या देवापुढे दिवा लावला तेव्हा मादामचं नाव घेतलं. घोरपडीसाठी मागणं मागताना जरा अवघडल्यासारखं झालं, पण मागितलं. आकपेनेला विचारलं, तू प्रार्थना केलीस का? ती म्हणाली, "केली. पण माती बरोबर आहे."

शुक्रवारी दुपारी तिने पत्र्याची कड उचलली. मादामला सोडलं तेव्हा पत्र्याखाली बीळ नव्हतं. आताही नव्हतं. माती मात्र सैल दिसत होती, आणि तिच्यावर शेपटीने पुसल्यासारखे पट्टे होते, म्हणजे बीळ खणून तिने परत बुजवलं होतं. मादाम पाण्याच्या घमेल्यात पडली होती. पोट असं आत गेलेलं की कातडीच्या घड्या पडल्या होत्या. कोकोएने दिलेल्या गोगलगायी तिने एकामागून एक सात खाल्ल्या.

आकपेनेने चमच्याने माती काढली. कोपरापर्यंत हात गेल्यावर पहिलं अंडं लागलं. मग ती एकेक अंड्याच्या वरच्या अंगाला रेघ मारत गेली आणि कोकोए ते ओल्या मातीच्या टबात ठेवत गेली. सव्वीस निघाली. दोन पिवळी पडली होती, बहुतेक उशिरामुळे. ती आकपेनेने बाजूला ठेवली.

संध्याकाळी एफो मेसान आला. एक अंडं उचलून तो उजेडात फिरवायला लागला.

"रेघ वर, एफो," कोकोए म्हणाली. सासूच्या आधी ती बोलली.

त्याने ते तसंच परत ठेवलं, रेघ वर करून. "माझ्या फार्मवर पण फरशी आहे," तो म्हणाला. "सिमेंटची."

"म्हणून तर तुमच्याकडच्या एकदा घालतात आणि रश्श्याला जातात."

"या वर्षी तुझ्या गावात कोणी खणणार नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"आधी पिल्लं तर निघू देत."

"पाच महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर," आकपेने टबावर झाकण ठेवत म्हणाली. "निघतील. तोवर तुमची फरशी फोडून ठेवा. कोकोए येईल दाखवायला."