मामांची वरची कवळी

माझे मामा बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचे. कोण भाव कबूल म्हणून मान हलवतो आणि कोण नुसती माशी हाकलतो, हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घरी आल्यावरही ती नजर उतरत नसे. मामीने चहात साखर कमी घातली तरी हिचं काहीतरी चाललंय, असं त्यांना वाटे.

त्यांच्या जुन्या वरच्या कवळीला टाळूशी धातूचा पत्रा होता. रोज सकाळी ते तिच्यावर किटलीतलं उकळतं पाणी ओतत. पुढे हिरड्या झिजल्या आणि ती सैल झाली. जावई कवळ्या बनवणारा. त्याने नवी करून दिली, पण अख्खी गुलाबी प्लास्टिकची.

"धातूची का नाही, जावईबापू?"

"ही हलकी आहे, मामंजी. हिरड्या आणखी झिजल्या तर आतून भर घालता येते. टाळूला नीट बसली आणि मध्ये थुंकीचा पातळ थर राहिला की पडत नाही. फक्त गरम पाणी लावू नका."

झालं. गरम पाणी नको म्हणतो, म्हणजे नक्कीच काहीतरी पाणी मुरतंय. माल हलका असणार, रंग उडत असणार. दुसऱ्या दिवसापासून मामी आंघोळीला गेली की मामा कवळीवर उकळतं पाणी ओतून रंग उडतो का ते बघू लागले. रंग काही उडाला नाही.

कवळी मात्र पडू लागली. एकदा भर लिलावात "एक वार, दोन वार" म्हणता म्हणता ती टोमॅटोच्या क्रेटमध्ये गेली. सगळा बाजार हसला. दात बसेपर्यंत येऊ नका, असं मालकाने सांगितलं. मामा मला घेऊन तडक मुलीच्या घरी गेले आणि जावयाला तोंडावर चोर म्हणाले.

"बाबा, पुन्हा ह्यांना असं बोललात तर तुमच्या घराची पायरी चढणार नाही मी," ताई म्हणाली. ती बोलते ते करते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

जावयाने मामांच्या टाळूचा जपून ठेवलेला प्लास्टरचा साचा काढला आणि त्यावर कवळी ठेवली. ती डुगडुगली. कडेने फट दिसत होती. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मामांकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, अशी माझी खात्री आहे.

"माझंच चुकलं," तो ताईला म्हणाला. "बनवताना प्लास्टिक नीट शिजलं नसेल, म्हणून वाकली. दुसरी करून देतो."

मामा त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. खोटी मान ते बाजाराच्या दुसऱ्या टोकावरून ओळखत, इथे तर माणूस समोर होता. पण त्यांना वाचवायला कुणी खोटं बोलेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मला त्यांची कीव आली.

"खोटं बोलतोय हा," मामा बोळक्या तोंडाने म्हणाले.

ताई उठली आणि तिने आमच्यासाठी दार उघडून धरलं.

"उकळतं पाणी मी ओतत होतो," मामा म्हणाले.