बाबांच्या नावाचं रक्त

माझा राग वाईट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढचं सगळं त्यावरूनच घडलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी कोलेस्टेरॉलवर संशोधन करते. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही. लायपोप्रोटीन नावाच्या अगदी बारीक कणांत बांधलेलं असतं. हे कण आत घ्यायला यकृताच्या पेशींना दारं असतात. काही घराण्यांत ती दारंच कमी असतात. मग कण रक्तातच फिरत राहतात आणि हृदयाच्या नळ्या वेळेआधीच चोंदतात. हा दोष आई किंवा बाप, एकाकडून तरी येतो. आईला मी हे एकदा तांदूळ निवडता निवडता समजावलं होतं.

प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलं तेव्हा तपासून बघायला मी माझंच रक्त घातलं, आणि दोष माझ्यातच निघाला. मी गोळ्या सुरू केल्या आणि आईबाबांचं रक्त घ्यायला आमच्या गावी, पेणजवळच्या जोह्याला गेले. आईचं मीच काढलं. बाबा गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतात, आणि सीझन तोंडावर आला होता. "पेणला लॅबमधी देऊन येतो, तू जा," म्हणाले. दोन दिवसांनी त्यांच्या नावाची बाटली माझ्याकडे आली.

आईत दोष नव्हता. बाबांतही नव्हता. आईचं आईला कळवलं. बाबांना फोनवर म्हटलं, तुमचं चांगलं आहे. "बरं झालं," ते म्हणाले.

मग माझ्यात कुठून आला? क्वचित असा दोष नव्यानेही उद्भवतो. नमुनेही बदलतात. निकाल विचित्र आला की आधी बाटलीवर संशय घ्या, हे मी विद्यार्थ्यांच्या डोक्यात ठोकून बसवते. पण गोष्ट घरची निघाली आणि मी थेट आईवर संशय घेतला, की माझा बाप दुसराच कुणीतरी आहे.

ते वर्ष आठवलं की लाज वाटते. आईचं माहेर रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावचं. काहीतरी निमित्त काढून मी मामाकडे गेले, जुने अल्बम काढायला लावले, आणि फोटोतल्या एकेका पुरुषाच्या पापण्यांवर पिवळे डाग आहेत का ते बघत बसले. या दोषात तसे डाग येतात. मामी कौतुकाने पोहे आणून देत होती. पुलावरून रोह्याला परत येताना आईचा फोन आला, तो मी दोनदा कापला. हिने बाबांना फसवलं, मलाही फसवलं, एवढंच डोक्यात होतं. त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतं बोलायचे. निघताना ती डबा भरून द्यायची, मी नको म्हणायचे. बाबांची मात्र कीव यायची. गणपतीत त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा डोळे भरून आले.

यंदा मे महिन्यात डोळे आखता आखताच बाबांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून पेणला नेलं. मी पोचले तेव्हा धोका टळला होता आणि ते झोपले होते. चादर आखूड होती, पाय बाहेर आलेले. टाचेमागचा दोरीसारखा स्नायुबंध अंगठ्याएवढा जाड, गाठाळ. या दोषाची हीच खूण मी वर्गात पडद्यावर दाखवते. दरवर्षी त्या पायांवर डोकं ठेवत आले, टाचांकडे कधी बघितलं नाही.

ते जागे झाल्यावर विचारलं, "बाबा, ते रक्त कुणाचं होतं?"

ते छताकडे बघत म्हणाले, "आपल्या कारखान्यातल्या रंगवाल्याचं. तो पेणला चाललाच होता, म्हटलं माझं नाव सांगून दे."

तीन वर्षांपूर्वी रोह्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना कोलेस्टेरॉलचा आकडा सांगितला होता. दिलेल्या गोळ्या रंगाच्या डब्यांमागे तशाच पडून होत्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू चिडतेस गो. म्हटलं, सीझन पार पडू दे, मग सांगू."

मी चिडलेच. ज्या कामात मी आयुष्य घातलं, त्यातच माझ्या बापाने मला बनवलं होतं, आणि त्यात त्यांना फारसं काही वावगंही वाटत नव्हतं. मी बोलत सुटले. खोटं रक्त दिलंत, तुमच्यात दोष नाही असं मी वर्षभर धरून चालले, आणि तुम्ही बरं झालं म्हणालात. मग थांबले, कारण आई पेजेचा डबा घेऊन दारात उभी होती.

तांदूळ निवडताना ऐकलेलं ती विसरली नव्हती.

"माझ्यात नाय म्हणालीस," ती सावकाश म्हणाली. "यांच्यात पण नाय असं वाटलं तुला. मग वरीसभर तू मला काय समजत होतीस?"

 बाबा तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं.

"अष्टमीला फोटो बघायला गेलेलीस, मामी बोलली मला. ते याच्यासाठी व्हय?"

मी होय म्हणून मान हलवली. तिने वाटीत पेज ओतली, बाबांना दोन चमचे भरवले. मग वाटी खाली ठेवली, बाही वर सारली आणि हात माझ्यासमोर धरला.

"घे," ती म्हणाली. "माझं तरी माझंच होतं का, ते बघून घे."